पार्काचं पाणी आणि माझा ऊस

आमच्या गावच्या माळावर वॉटर पार्क येणार म्हटल्यावर विरोधाचं पहिलं पत्र मीच लिहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेलेला माणूस मी, त्यामुळे गावात अर्ज-विनंत्या लिहायच्या झाल्या की लोक माझ्याकडेच येतात. त्या पत्राखाली आजही माझी सही आहे. पण ते आज लिहायला बसलो तर त्यातलं निम्मं मी लिहिणार नाही.

गाव माणदेशातलं, आटपाडीच्या बाजूचं. नाव देत नाही. या भांडणापायी आधीच काही जण एकमेकांच्या दारावरून जायचे बंद झालेत. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. कंपनीचं म्हणणं असं की माळावर सत्तरेक एकरांत घसरगुंड्या, लाटांचा तलाव, पाळणे, हॉटेल असं सगळं उभं करू आणि पंढरपूरला जाणारा-येणारा माणूस इथं दिवसभर थांबवू. गावातल्या पोरांना नोकऱ्या देऊ. आता ज्या गावानं फेब्रुवारीपासून टँकरची वाट बघितली, त्या गावात पाण्याच्या लाटा! हे ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं.

पत्रात मी 1972 आणलं. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून गावात आहेत, त्यांचा दाखला दिला. 2016 आणलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी गेलं आणि त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. माणूस तहानलेला असताना करमणुकीला पाणी नाही, हा न्याय आमच्या माळालाही लावा, असं मी लिहिलं. पत्र झकास उतरलं होतं. चावडीपुढं वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

एक मेच्या ग्रामसभेत तेच मी तोंडी मांडत होतो. मागं बायकांत बसलेली एक म्हातारी उठली. पाऊण एकर कोरडवाहू आणि चार शेरडं एवढाच तिचा पसारा. म्हणाली, "गुर्जी, पार्काचं पानी मोजताय ते चांगलंच हाय. पर तुमच्या उसाचं कोन मोजनार?" सभा हसली. मीही हसलो आणि पुढचा मुद्दा घेतला. पण घरी आल्यावर वही काढली.

माझा दीड एकर ऊस आहे. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तसा तो आला, माझ्याकडे आणि पुष्कळांकडे. पाटानं भिजवलेला ऊस वर्षाकाठी हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी घेतो, म्हणजे एकरी ऐंशी लाख. ठिबकवर त्यात चांगली बचत होते, पण आमच्यात ठिबक अनुदानापुरतं अंथरलेले आणि पुन्हा दांडानं पाणी सोडणारेही आहेत. आता पार्क. नकाशात पाण्याचा उघडा पृष्ठभाग साधारण तीन एकर दाखवला होता. तलाव एकदा भरला की तेच पाणी गाळून फिरवतात; जातं ते मुख्यतः उन्हानं. आपल्याकडे उघड्या पाण्याची वर्षाला दोन मीटरच्या आसपास वाफ होते. एकराला काढून बघा: पुन्हा तेच ऐंशी लाख लिटर! म्हणजे पार्कातलं एकरभर पाणी नुसतं उन्हात पसरून ठेवलं काय आणि मी एकरभर ऊस लावला काय, खर्च सारखाच. तीन एकरांचे झाले दोन कोटी चाळीस लाख. रोज हजार माणूस आला, प्रत्येकानं आंघोळ, संडास, जेवण मिळून पन्नास लिटर वापरलं, तर तीनशे दिवसांत आणखी दीड कोटी. हिरवळ, झाडं, गाळण्या धुणं, कंपनीची लबाडी, सगळं ढिलं धरून मी तो आकडा दुप्पट केला. तरी पार्काचं पाणी दहा एकर उसाच्या पुढं जाईना.

आणि आमच्या शिवारात ऊस दोनशे एकरांच्या वर आहे.

हे गणित चौथीच्या पोरानं करावं असं. मी ते आधी का केलं नाही, यावर फार दिवस विचार केला. ऊस ही शेती, आणि शेतीला लागणारं पाणी हे पुण्याचं, असं मनात कुठंतरी पक्कं बसलं होतं. घसरगुंडी म्हणजे चंगळ. पण माझ्या उसाची साखर होते, साखरेची मिठाई होते, मळीची दारू होते, आणि ती चंगळ दुसऱ्या गावात होते एवढंच. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवलंय की लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. हे वाक्य मी भाषणांत अनेकदा वापरलं आहे. साखरसम्राटांवर टीका करताना. त्या चार टक्क्यांत माझाही दीड एकर येतो, ते त्या म्हातारीनं दाखवलं.

2016 चा दाखलाही मग मला पोकळ वाटायला लागला. सामने गेले. निकाल मला तेव्हा पटला होता, अजूनही त्यामागची भावना पटते. पण मुंबई-पुण्याच्या मैदानांवरचं पाणी वाचल्यानं लातूरच्या घागरीत किती पडलं? मांजरेच्या खोऱ्यातला ऊस मात्र जागच्या जागी राहिला, कारण त्याला बंदी घालायची कुणाची छाती नव्हती. क्रिकेटला शिव्या घालणं स्वस्त पडतं. कंपनीलाही. बाहेरचा माणूस मतदार यादीत नसतो.

मग मी पोरांशी बोललो. आमच्याकडची पोरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पांगलेली आहेत. ॲसिडच्या वाफांत बसून काम, वर्षातून एकदा जत्रेला गावी. त्यातून कुणी मोठं झालं, बंगले बांधले. त्या बंगल्यांना कुलपं आहेत. पार्कात काय मिळणार, तर सुरक्षारक्षक, साफसफाई, तिकीटखिडकी. मी पत्रात "गुलामीच्या नोकऱ्या" असा शब्द घातला होता. जत्रेला आलेला एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, पगार निम्मा असला तरी चालंल, राती घरला तर येईन." मला उत्तर सुचलं नाही. पेन्शनवर बसून दुसऱ्याच्या नोकरीला गुलामी म्हणणं सोपं असतं.

तर पार्काला माझा विरोध आता पाण्यासाठी नाही. याचा अर्थ मी कंपनीच्या बाजूचा झालो, असं गावात पसरलंय, ते चूक आहे. पाण्यावर ओरडण्याच्या नादात ज्या गोष्टींवर खरं ओरडायला हवं होतं, त्या तशाच राहून गेल्या.

पहिली गायरानाची. सत्तर एकरांत एक तुकडा गायरानाचा आहे आणि आमच्यासकट सगळे त्याला "पडीक" म्हणत होते. तिथं कुसळी गवत असतं, पावसाळ्यानंतर धनगरांच्या मेंढ्या बसतात, त्या म्हातारीची शेरडंही तिथंच चरतात. सार्वजनिक जमिनी अशा वाटून खाऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. माझ्या पत्रात गायरानाचा ग नव्हता. पार्क करायचाच तर खासगी जमिनीत करा. गायरानाला मी शेवटपर्यंत आडवा येईन.

दुसरी विसाराची. एजंट लोक थोडा विसार देऊन साठेखतं करून घेताहेत. खरेदीखत कधी, त्याची तारीख मोघम. स्पेनमध्ये मोनेग्रोस म्हणून असाच कोरडा, वाऱ्याचा मुलूख आहे. तिथं 2007 साली ग्रान स्काला नावाचा प्रकल्प जाहीर झाला: कॅसिनो, हॉटेलं, थीम पार्क, गुंतवणूक 17 अब्ज युरो. ओंतिन्येना नावाच्या खेड्याजवळची जमीन ठरली, सरकारनं त्यासाठी खास कायदासुद्धा केला, गावात दोन तट पडले. आणि 2012 पर्यंत सगळं बासनात गेलं. एक वीट चढली नाही. आमचाही पार्क असाच हवेत विरला तर साठेखतात अडकलेल्या सात-बाऱ्यावर पोरीच्या लग्नाला कर्ज मिळायचं नाही. म्हणून मी म्हणतो, विकू नका, भाडेपट्ट्यानं द्या, आणि ठरल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर जमीन आपोआप मोकळी होईल असं लिहून घ्या.

पाण्याचं काय, तर नियम एकच असावा आणि तो सगळ्यांना असावा. कंपनीच्या बोअरला मीटर बसवा, टंचाई जाहीर झाली की पार्क बंद. पण मग उसाच्या बोअरलाही मीटर. शेतीसाठी असो वा उद्योगासाठी, साठ मीटरच्या खाली बोअर घेऊ नये असं राज्याचा 2009 चा भूजल कायदा सांगतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्यात पाचशे फुटांच्या आत पाणी लागलं तर पेढे वाटतात. हिवरे बाजारनं बोअरच्या पाण्यावर शेती बंद केली, ऊस-केळी बंद केली, दर वर्षी पावसावर पाण्याचा ताळेबंद मांडला. आमच्या गावातल्या तीन सहली तिकडं जाऊन आल्या, फोटो काढून आल्या.

हे मी उसवाल्यांच्या बैठकीत बोललो तेव्हा माझे विरोधातले सोबतीच चिडले. एकानं विचारलं, "सर, तुम्हाला पार्क पाहिजे का नको, एवढंच सांगा." मी सांगितलं: पाण्यासाठी पार्क नको म्हणायचा हक्क, दोनशे एकर ऊस उभा असेपर्यंत, या गावाला नाही. त्या बैठकीला मला पुन्हा बोलावलेलं नाही.

माझा खोडवा मी यंदा मोडतोय, तूर टाकणार आहे. उत्पन्न पडेल, हे माहीत आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पार्काचा ठराव पुन्हा येतोय. गावातल्या बागायतदारांना एवढीच विनंती, विरोधाची सही करायला जरूर या, पण येताना आपला ऊस किती एकर, बोअर किती आणि किती फूट, हे कागदावर लिहून आणा. माझा कागद सगळ्यांत आधी वाचतो.