चौथ्या पिनेवरचा दिवा

इंटेलने ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर १९७६ साली बाजारात आणला. त्याच्या आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे: अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा. नव्या आयसीला नुसते पाच व्होल्ट पुरायचे. नावातला शेवटचा पाच तेच मिरवतो. आत साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर, बाहेर चाळीस पाय.

घरी बोर्ड जुळवू पाहणाऱ्याला त्या एका पाचाने केवढा आधार दिला! पाच व्होल्टचा सप्लाय म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर. हे सामान पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळायचं. तिथे जे मिळायचं नाही त्यासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठावा लागायचा.

असाच एक मुलगा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. लॅबमध्ये ट्रेनर किट होते, पण एका किटभोवती तीन-चार डोकी, आणि आपली पाळी येईतो तास संपलेला. अभ्यासाला रमेश गावकरांचं पुस्तक होतं. गावकर अमेरिकेत सिरॅक्यूजजवळच्या ऑनॉन्डागा कम्युनिटी कॉलेजात शिकवत, आणि १९८४ साली आलेलं त्यांचं पुस्तक भारतातल्या कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. ते वाचून त्याला वाटलं, किटची वाट कशाला बघायची? आपला बोर्ड आपणच करू.

बोर्ड म्हणजे भोकं पाडलेला जनरल पर्पज पीसीबी. त्यावर आयसी बेस, आणि खाली रिबन वायरचं जाळं. ८०८५ आपल्या बारा ते एकोणीस क्रमांकांच्या पिनांवर आधी पत्ता पाठवतो आणि क्षणात त्याच पिनांवरून डेटा नेतो-आणतो, म्हणून पत्ता धरून ठेवायला ७४एलएस३७३ हा लॅच. कोणती मेमरी जागी करायची हे ठरवायला ७४एलएस१३८. प्रोग्रॅमसाठी आठ किलोबाईटचा २७६४ ईप्रॉम, तेवढीच ६२६४ ही रॅम, आणि ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ज्याला प्रोसेसर आतल्या आत दोनने भागून ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालतो.

ईप्रॉम हे त्या काळचं मोठं दुखणं होतं. त्यात लिहायला वेगळा प्रोग्रॅमर हवा, पुसायला अल्ट्राव्हायोलेट दिवा हवा. दिवा नसेल तर ऊन. उत्पादकांच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असायचं की थेट उन्हात आठवडाभरात आयसी पुसली जाईल. एका बाईटच्या चुकीसाठी कोण आठवडा थांबणार? म्हणून तो नवे प्रोग्रॅम रॅममध्ये टाकायचा. पण लाइट गेली की रॅम कोरी. त्यावर त्याने ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केली. वीज गेली तरी रॅमला जिवापुरता करंट मिळत राहायचा. बोर्डावरची सगळ्यात हुशार गोष्ट हीच, असं त्या वेळी बघणाऱ्या प्रत्येकाने म्हटलं होतं.

मग भोसरीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सची नोकरी लागली, पीएलसी आले, संसार आला. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला. ४ जुलै १९९७ला अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं, आणि त्यातून बाहेर पडलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीचा मेंदू ८०सी८५ आहे, म्हणजे याच प्रोसेसरचा कमी वीज खाणारा भाऊ आहे, हे कळल्यावर कारखान्याच्या कँटीनमध्ये तो दिवसभर त्याच विषयावर बोलत होता. माळ्याकडे मात्र हात गेला नाही. तो निवृत्तीच्या आसपास गेला.

बॅटरी फुटली होती. निकेल-कॅडमियमच्या पोटात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की ते बाहेर झिरपतं आणि तांबं खातं. वायरच्या प्लास्टिकआडून ते पुढेही सरकतं. तांब्यावर हिरवट-निळी भुकटी, सोल्डरचे थेंब काळपट. यावर उपाय स्वयंपाकघरात असतो. अल्कलीवर लिंबाचा रस चोळायचा, बुडबुडे थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने घासायचं, पाण्याने धुवायचं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बोर्ड पूर्ण वाळू द्यायचा. बॅटरी कापून टाकली, ती कायमचीच.

वीज दिल्यावर बोर्ड मेला असता तर बरं, असा तो वागला. कधी डिस्प्लेवर अक्षरं उमटायची, कधी कचरा. बोर्डाजवळ हात नेला की वागणं बदलायचं. ज्यांनी जुनी यंत्रं दुरुस्त केली आहेत त्यांना हे लक्षण लगेच ओळखू येतं. कुठली तरी इनपुट पिन अधांतरी आहे आणि आसपासच्या विजेच्या गुणगुणीवर ती कधी शून्य मानते, कधी एक.

पण कुठली? इथे अनुभवी माणूस आणि उतावळा माणूस वेगळे होतात. उतावळा माणूस एकेक आयसी बदलत सुटतो. त्याने मात्र सगळ्या आयसी काढल्या, फक्त प्रोसेसर आणि लॅच ठेवले. प्रत्येक बेसवर पाच व्होल्ट येतात का ते पाहिलं. सदतिसाव्या पिनेवर घड्याळाचे ठोके आहेत, तेही पाहिलं. होल्ड आणि ट्रॅप ग्राउंडला, रेडी पाच व्होल्टला, हे तपासलं. मग ७४एलएस२४४ या बफरचे आठही इनपुट ग्राउंडला जोडले, आणि प्रोसेसर वाचायला निघाला की त्याच्यापुढे आठ शून्यं ठेवायची व्यवस्था केली. ८०८५च्या भाषेत आठ शून्यं म्हणजे एनओपी: काहीही करू नकोस, पुढच्या पत्त्यावर जा. मेमरीच नसताना प्रोसेसर शून्यापासून ६५,५३५पर्यंतचे सगळे पत्ते मोजत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. प्रोसेसरला विचारायला इतका सोपा प्रश्न दुसरा नाही.

एका एनओपीला घड्याळाचे चार ठोके लागतात. पूर्ण फेरीला ८५ मिलिसेकंद, म्हणून सर्वांत वरची ए-१५ ही पत्त्याची रेषा सेकंदाला सुमारे पावणेबारा वेळा वरखाली होते. तिच्या खालची दुप्पट, त्याखालची त्याच्याही दुप्पट. ए-८ येते १५०० हर्ट्झवर. हे आकडे कानाला ऐकू येणारे आहेत! एक ट्रान्झिस्टर आणि छोटा स्पीकर जोडून तो रेषा ऐकत गेला. ए-८ १५००, ए-९ ७५०, ए-१० ३७५. संगीत शिकणाऱ्या नातीला त्याने हे ऐकवलं तेव्हा ती लगेच म्हणाली, ‘‘आजोबा, सूर तोच आहे, सप्तक खाली जातंय.’’ वारंवारता निम्मी म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली. त्यामुळे रेषा बरोबर आहे की नाही, हे ऑसिलोस्कोपशिवायही कळतं. प्रोसेसरच्या तेविसाव्या पिनेवर ए-१०चा सूर खणखणीत होता. ईप्रॉमच्या बेसवर, जिथे तो एकविसाव्या पिनेत यायला हवा, तिथे काहीच नव्हतं. वायर बाहेरून शाबूत दिसत होती. आतलं तांबं बॅटरीने खाल्लं होतं. एका किलोबाईटच्या आतला प्रोग्रॅम कधी चालायचा, कधी भलत्याच पत्त्यावर भरकटायचा, त्याचं कारण हे.

नवी वायर टाकल्यावर त्याने मॉनिटर प्रोग्रॅम लगेच बसवला नाही. आधी अगदी छोटा, रॅम न वापरणारा प्रोग्रॅम. ८०८५च्या चौथ्या पिनेचं नाव एसओडी. ३ई सी० ३० हे तीन बाईट दिले की ती वर जाते, ३ई ४० ३० दिले की खाली. मधे थांबायला एक मोजणी. इथे कॉल ही सूचना वापरायची नाही, कारण तिला परतीचा पत्ता रॅममध्ये ठेवावा लागतो आणि रॅमवर अजून भरवसा नाही. मोजणीच्या एका फेरीला २४ ठोके, ६५,५३६ फेऱ्यांना ०.५१२ सेकंद. चौथ्या पिनेवरचा एलईडी सेकंदाला जवळपास एकदा लुकलुकला, म्हणजे प्रोसेसर, लॅच, डिकोडर आणि ईप्रॉम एवढे चार जण शुद्धीवर असल्याची खात्री झाली. रॅम त्यानंतर.

सुधारणा करताना त्याने एक गोष्ट पाळली: बोर्डाचं वय पुसायचं नाही, त्या वयातली टंचाई तेवढी दूर करायची. २७६४च्या बेसमध्ये २८सी६४ हा विजेनेच पुसता येणारा ईईप्रॉम बसतो, त्यामुळे ऊन आणि बॅटरी दोन्हींची गरज संपली. ६२६४च्या जागी ३२ किलोबाईटची ६२२५६ घातली. सव्विसाव्या पिनेवर बॅटरीच्या काळात रॅमचं रक्षण करणारा सिग्नल यायचा, आता तिथे ए-१३ आली आणि पहिल्या पिनेवर ए-१४. प्रत्येक आयसीला लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. विद्यार्थिदशेत पैसे वाचवायला ते गाळले होते. रिसेटच्या रेझिस्टरवर एक डायोड टाकला. लाइट क्षणभर जाऊन आली तर कपॅसिटर लगेच रिकामा होतो आणि प्रोसेसर नीट शून्यापासून सुरू होतो. लॅच बदलताना एचसी न घेता एचसीटी घेतला, कारण ८०८५ फक्त २.४ व्होल्टची हमी देतो. एचसीला ते ‘एक’ म्हणून पुरतीलच असं नाही, एचसीटीला दोन व्होल्ट पुरतात.

सिरियल जोडणीसाठी वेगळी आयसी लागली नाही. ३.०७२ मेगाहर्ट्झला ९६००ने भागलं की बरोबर ३२० येतात. एक बिट म्हणजे ३२० ठोके, शेष शून्य. चौथ्या पिनेने लिहायचं, पाचव्या पिनेने वाचायचं. लॅपटॉपच्या पडद्यावर बोर्डाने पाठवलेली अक्षरं आली.

या प्रोसेसरमध्ये इंटेलने आपल्या पुस्तिकेत न छापलेल्या दहा सूचना आहेत. कॉलेजात असताना त्याला त्यांचा पत्ता नव्हता. त्यातली ०८ ही सूचना एचएल या रजिस्टरजोडीतून बीसी ही जोडी वजा करते. सोळा बिटांची बेरीज एका सूचनेत करणाऱ्या ८०८५ला वजाबाकी मात्र येत नाही, असं पाठ्यपुस्तकात शिकलेल्या पिढीला हे ऐकूनच झटका बसतो. त्याने एचएलमध्ये ५००० ठेवले, बीसीमध्ये २०००, आणि ०८ दिलं. पडद्यावर ३००० आले. आता उरलेल्या नऊ सूचना तपासायच्या आहेत, आणि त्यासाठी मॉनिटर प्रोग्रॅममध्ये सगळे फ्लॅग दाखवणारी एक आज्ञा आधी लिहावी लागेल.