शोकसभेचें छायाचित्र

आमच्या एका सहाध्यापकांचें गेल्या महिन्यांत निधन झालें. शोकसभा सायंकाळीं 5 वाजतां होती, आणि त्यांचें मोठें छायाचित्र छापून आणण्याचें काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतलें होतें. 44 इंची कागदाच्या त्या मुद्रणयंत्रापुढें आम्ही उभे राहिलों, तों कागद इतका हळू सरकत होता कीं, तो सरकतो आहे हें पटावयास घड्याळ पाहावें लागे! शाईचे सूक्ष्म थेंब सोडणारें हेड एकाच पट्टीवरून पुनःपुन्हा जाई, आणि दर फेरीस मागें राहिलेल्या कांहीं जागा भरी. फेऱ्या कमी केल्या व हेडास जातां-येतां दोन्ही वेळां छापावयास लावलें तर वेळ वांचेल, पण पट्टे उमटण्याचा संभव आहे, असें चालक म्हणाला. विद्यार्थ्यांस जन्मभर 'घाई करूं नका' म्हणून बजावणारे आम्ही 'चालेल' म्हणालों.

पट्टा नेमका डोळ्यांवरून गेला. ते डोळे आम्ही 25 वर्षें पाहिले होते. दुसरी प्रत मुकाट्यानें संथ गतीनें काढविली. ती हातीं आली तेव्हां साडेचार वाजले होते. शाईंतील द्रव निदान एक दिवस उडून जाऊं द्यावा, नाहीं तर कांचेस आंतून धुकें धरतें, म्हणून चालकानें कांच बसवूं दिली नाहीं. वर हात लावूं नका, असेंही बजावलें.

तसेंच उघडें छायाचित्र आम्ही सभागृहांत नेलें. वहिनी पहिल्याच रांगेंत होत्या. त्यांनीं उठून त्या गालावर हात ठेवला. आम्हांस कांहीं बोलवलें नाहीं.