स्वखर्चाने खेळणारी मुलं

अटलांटात राहायचं आणि कॉलेज फुटबॉलविषयी मत बाळगायचं नाही, हे जमत नाही. माझंही मत होतं, आणि कडवट होतं. शिष्यवृत्तीशिवाय संघात येणारे ‘वॉक-ऑन’ म्हणजे श्रीमंत विद्यापीठांना मिळालेले फुकटचे राबते हात, असं मी म्हणायचो. फी घरून भरायची, आठवडाभर सरावात आपटी खायची आणि शनिवारी सामना बाहेरून बघायचा.

स्टेट्सन बेनेटची गोष्ट इथे भक्तिभावाने सांगतात, तेव्हाही मला तेच दिसायचं. जॉर्जियातल्या ब्लॅकशिअर या छोट्या गावचा मुलगा, उंची पाच फूट अकरा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, मानाने कमीच. 2017 मध्ये तो जॉर्जिया विद्यापीठात स्वखर्चाने आला. मोसमाअखेरच्या रोझ बोल सामन्याआधी त्याला काम काय, तर सरावात प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाच्या क्वार्टरबॅकची, बेकर मेफिल्डची नक्कल करायची, म्हणजे आपल्या बचावफळीला मेफिल्डची सवय होईल. (मेफिल्डही मुळात वॉक-ऑनच!) पुढच्या वर्षी बेनेट मिसिसिपीतल्या जोन्स कॉलेजात गेला. परत आला तो शिष्यवृत्तीवर, पण क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स संघ सोडून निघाला आणि जागा रिकामी झाली म्हणून. 2021 मध्येही पहिली पसंती जेटी डॅनिअल्सलाच होती. तो जायबंदी झाला म्हणून बेनेट खेळला. डिसेंबरात अलाबामाकडून 41-24 अशी हार झाल्यावर ‘बेनेटला बसवा’ अशी गावभर ओरड. जानेवारीत पुन्हा अलाबामा, या वेळी राष्ट्रीय अंतिम सामन्यात. शेवटच्या सत्रात त्याच्या हातून चेंडू निसटला, अलाबामा पुढे गेला. पुढच्याच खेपेला त्याने 40 यार्डांवर पास फेकून टचडाऊन मिळवलं. 33-18. जॉर्जियाला 41 वर्षांनी विजेतेपद. पुढल्या वर्षी अंतिम सामन्यात टीसीयूविरुद्ध 65-7, त्यात सहा टचडाऊन याच्या नावावर.

एवढ्याने माझं मत हललं नव्हतं. एकाला लॉटरी लागली म्हणून तिकिटं विकणारा साव ठरत नाही.

हललं ते 2025 मध्ये. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता यावेत, अशी तडजोड न्यायालयापुढे होती. मला हवी होती तशीच. तिच्यासोबत फुटबॉल संघाला 105 जणांची मर्यादा येणार होती. आधी 85 शिष्यवृत्त्या असत आणि वर स्वखर्चाची मुलं; आता कात्री लागणार ती त्यांनाच. ज्यांची मी कीव करत होतो, ती मुलं खूश होतील असं मी धरून चाललो होतो. पण जागा जाणाऱ्या खेळाडूंनी न्यायालयात आक्षेप नोंदवले. न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर मंजुरी अडवली. त्या खेळाडूंना मर्यादेतून सूट देण्याची सोय झाल्यावर जूनमध्ये ती दिली. आपटी खाणारी मुलंच ‘आम्हाला काढू नका’ म्हणत असताना त्यांच्या वतीने मी रागावणं बरं दिसेना.

म्हणून आता मी या जागा राहाव्यात अशा बाजूचा आहे. बेनेटचे आईवडील दोघेही फार्मासिस्ट, ही गोष्ट मात्र मी अजूनही चर्चेत काढतोच. फी भरून वाट बघणं किती घरांना परवडतं, यावर माझ्या मित्रांकडे उत्तर नसतं, आणि माझ्याकडेही नाही.