ओळख पटविणें

शाळेसाठीं मी आत्याकडे राहत असें, त्या दिवसांत ‘बॅटरी’ या शब्दाचा घरांत एकच अर्थ होता. रात्रीं परसांत जावयाचें झालें, म्हणजे आत्या खुंटीवरची पत्र्याची विजेरी काढून माझ्या हातीं देई आणि म्हणे, “बॅटरी घेऊन जा रे, आणि पायाखालीं बघ.” त्या विजेरीच्या पोटांत दोन जाडजूड घट असत. त्यांपैकीं एक एका कारखान्याचा आणि दुसरा भलत्याच कारखान्याचा असला, तरी विजेरीची त्याबद्दल कांहीं तक्रार नसे. टोंकाला टोंक भिडलें आणि बटण पुढें सरकविलें, कीं उजेड पडे. ओटीवर पथारी टाकणाऱ्या वाटसरूला नांवगांव विचारण्यापूर्वीं पाण्याचा तांब्या पुढें करणाऱ्या यजमानासारखी तिची वृत्ति होती.

गेल्या वर्षीं आषाढांत मला त्या विजेरीची फार आठवण झाली.

माझ्यापाशीं एक जुना लॅपटॉप आहे. मुलीनें नवा घेतला, तेव्हां तो वारसाहक्कानें उलट्या दिशेनें माझ्याकडे आला. आत्या आतां शहाऐंशीं वर्षांची आहे आणि माझ्याकडे राहते. जात्यावर बसून आपल्या आईकडून आणि आजीकडून ऐकलेल्या ओव्या तिला अजून येतात. परंतु त्या मागितल्या म्हणजे येत नाहींत. पाऊस कोसळत असावा, जेवणें आटोपलेलीं असावींत आणि कोणी तिच्याकडे पाहत नसावें, म्हणजे एखादी ओवी आपण होऊन तिच्या ओठांवर येते. अशा वेळीं मी हळूच लॅपटॉप उघडून ती टिपून घेतों. त्या रात्रीं चार ओव्या झाल्या, पांचवी अर्धी झाली, आणि कोंकणांतील पावसाळ्याच्या रीतीप्रमाणें वीज गेली. वीज गेल्याचें दुःख नव्हतें. परंतु तिच्याबरोबर लॅपटॉपहि तत्क्षणीं काळाठिक्कर पडला. जें लिहिलें होतें तें जतन झालेलें नव्हतें. “आत्या, तेवढ्या पुन्हां म्हणशील का?” असें मीं विचारलें. अंधारांतून उत्तर आलें, “आतां त्या तशा यायच्या नाहींत रे.”

वीज परत आल्यावर पाहतों, तों पडद्याच्या कोपऱ्यांतील बॅटरीच्या चित्रावर एक फुली उमटलेली आणि शेजारीं शब्द : ‘बॅटरी सापडत नाहीं.’ मीं लॅपटॉप पालथा केला. बॅटरी आपल्या जागीं होती. दोन्ही खिट्ट्या घट्ट बसलेल्या होत्या. जी वस्तु मी बोटानें दाबून पाहत होतों, ती ज्याच्या उदरांत होती त्यालाच सापडत नव्हती!

दुकानांतील मुलाला फोन केला. त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां निकाल दिला : “काका, ती गेली. नवीन टाका.” ‘गेली’ हा शब्द त्यानें ज्या सहजतेनें उच्चारला, ती सहजता मला जरा बोंचली. रिकामी झालेली बॅटरी ‘शून्य टक्के’ म्हणून तरी सांगते. जीर्ण झालेली बदलण्याविषयीं सूचना देते. येथें तर ती मुळीं नाहींच, असें यंत्राचें म्हणणें होतें. पूर्ण बिघडलेली बॅटरीहि कधीं कधीं अशीच नाहींशी होते, हें खरें. परंतु तपासल्यावांचून तिला मूठमाती देण्यास माझें मन धजेना. त्या चार ओव्यांचें ऋणहि डोक्यावर होतेंच.

दुरुस्तीचें शास्त्र मला येत नाहीं. परंतु दोष कोणत्या मजल्यावर आहे हें आधीं ठरवावें, एवढें तारतम्य शाळामास्तरालाहि असतें. प्रथम मीं वरच्या मजल्यावर चौकशी केली. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या दफ्तरांत बॅटरीच्या नांवाची एक नोंद असते. ती काढून टाकून यंत्र पुन्हां सुरू केलें, म्हणजे ती नव्यानें लिहिली जाते. कारकुनाच्या वहींतील चूक असेल तर ती अशानें सुधारते. ती सुधारली नाहीं. मग यंत्र सुरू होतांना विंडोज जागें होण्यापूर्वींच बायॉस नांवाच्या देवडीवर थांबून पाहिलें. तेथेंहि बॅटरीचा रकाना कोरा. म्हणजे दोष दफ्तरांत नव्हता. देवडीवरच्या पहारेकऱ्यानेंच पाहुण्याला आंत घेतलें नव्हतें.

हा पहारेकरी पाहुण्याला कसा ओळखतो, हें समजून घेतल्यावर मला मौज वाटली. लॅपटॉपच्या बॅटरीला विजेरीच्या घटासारखीं दोनच टोंकें नसतात. माझ्या बॅटरीला पितळी पात्यांच्या सात खांचा आहेत. कांहीं खांचांतून वीज येते-जाते. परंतु दोन नाजूक तारा केवळ बोलण्यासाठीं असतात. एक ताल धरते, दुसरी शब्द वाहते. बॅटरीच्या आंत एक चिमुकला हिशेबनीस बसलेला असतो. आपला जन्म केव्हां झाला, मूळ कुवत किती होती, आज किती उरली, आजवर किती वेळां भरलों आणि रिकामे झालों, अंगांत ताप किती आहे, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें तो या तारेवरून देतो. १९९५ सालीं इंटेल आणि ड्यूरासेल या कंपन्यांनीं अशा ‘शहाण्या’ बॅटरीनें काय काय सांगावें याचे नियम प्रसिद्ध केले, आणि तेव्हांपासून ही प्रश्नोत्तरें रूढ झालीं. यंत्र विचारतें, ‘कोण आहे?’ उत्तर आलें तर बॅटरी आहे. न आलें तर नाहीं. तिच्या पोटांत वीज आहे कीं नाहीं, हा प्रश्न पुढचा. कित्येक बॅटऱ्या तर यंत्रानें दखल घेतल्यावांचून आपला प्रवाहहि मोकळा सोडीत नाहींत. शक्ति असून वाचा नसेल, तर ती शक्ति जमेस धरावयाची नाहीं, असा हा कायदा आहे.

प्रथमदर्शनीं हा कायदा मला उर्मटपणाचा वाटला. परंतु त्याच्या मागें भय आहे, आणि तें भय खोटें नाहीं. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ ९७ वर्षांचे होते. आज खिशांत आणि मांडीवर जें जग आपण बाळगतों, तें या बॅटरीच्या जोरावर. परंतु तिचा स्वभाव तापट आहे. सामान्यतः तिचा एक घट ४.२ व्होल्टपर्यंत भरावा. त्यापुढें भरीत राहिलें तर तो तापतो, फुगतो, प्रसंगीं पेटतो. फारच रिता राहूं दिला, तर त्याच्या आंतील तांब्याचा पत्रा विरूं लागतो आणि पुढें भरतांना दगा होतो. ज्याचा ताप कळत नाहीं आणि ज्याची कुवत ठाऊक नाहीं, अशा घटांत वीज ओतणें म्हणजे घरांत आग ओतणें होय. पहारेकरी निष्ठुर नव्हता, सावध होता.

शाळेंत असतांना शाकुंतलाची कथा ऐकून मला दुष्यंताचा भयंकर राग येत असे. जिवंत शकुंतला समोर उभी आहे, ऋषिकुमार साक्षीला आहेत, आणि राजा खूण मागतो! ती बोटाकडे पाहते, तों अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यांत पडलेली. शापाची गोष्ट सोडून दिली, तरी ज्याला आठवत नाहीं त्यानें खूण मागावी, हें आतां मला तितकेंसें अन्यायाचें वाटत नाहीं. दुःख वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. एवढ्या मोठ्या सत्याचा सारा भार धातूच्या एका लहानशा कड्यावर असतो.

माझ्याहि प्रकरणांत धातूचाच प्रश्न निघाला. यंत्र बंद केलें, चार्जरची तार काढली, खिट्ट्या सरकवून बॅटरी बाहेर घेतली. ती कोठें फुगली नाहीं ना, हें आधीं पाहिलें. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, आणि पुन्हां वापरूंहि नये. मग यंत्राचें बटण अर्धा मिनिट दाबून धरलें, म्हणजे त्याच्या अंगांत रेंगाळलेली वीज ओसरते आणि पहारेकऱ्याच्या डोक्यांतील जुना ग्रह पुसला जातो. त्यानंतर त्या सात खांचांकडे उजेडांत पाहिलें. समुद्रावरच्या खाऱ्या, ओलसर वाऱ्यानें पात्यांवर काळपट-हिरवी झांक धरली होती. पेन्सिलीच्या रबरानें ती अलगद घासली, स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसली आणि वाळूं दिली. बॅटरी जागीं बसवितांना ‘खट्’ असा आवाज झाला.

यंत्र सुरू केलें. क्षणभर फुली दिसली आणि मग ती गेली. ‘एकतीस टक्के’ असे शब्द उमटले. पुढें मीं एक आज्ञा टंकून त्या हिशेबनिसाकडून सविस्तर वृत्तांत मागविला. मूळ कुवत ४८,००० मिलिवॉट-तास, आजची २७,०००. निम्म्याहून थोडी अधिक. बॅटरी गेलेली नव्हती; म्हातारी झाली होती, इतकेंच. आणि इतके दिवस ती आपलें सांगत असलीच पाहिजे. तें पोहोंचत नव्हतें.

आतां मी या प्रकरणांतून शहाणा झालों, असें मला वाटूं लागलें. तें वाटणें कार्तिकापर्यंत टिकलें.

आत्याचे यजमान शिक्षक होते. त्यांच्या पश्चात् तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतें. त्यासाठीं दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्ही कचेरींत गेलों. तिनें अंगठा कांचेवर ठेवला. उत्तर आलें : ओळख पटली नाहीं. शहाऐंशीं वर्षांत राखेनें भांडीं घासून, सुपारी सोलून, भात कांडून तिच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून गेल्या आहेत. आत्या त्या कांचेकडे पाहून म्हणाली, “अरे, मी ही इथें बसलें आहें ना?”

कारकून तिला वीस वर्षें ओळखतो. “आजी, मला तुम्ही दिसतां हो; याला दिसत नाहीं,” असें म्हणून तो हंसला आणि कामाला लागला. त्यानें कांच पुसली. आत्याला हात धुवावयास लावले. थोडें तेल बोटांना चोळून तें पुसून घेतलें. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग मधलें बोट. मी पाहत होतों आणि मनांत म्हणत होतों, कीं हें सारें मीं आषाढांत केलेलें आहे. अखेरीस अनामिका ठेवतांच हिरवा दिवा लागला. जिला स्वतःला नांव नाहीं, त्या बोटानें आत्याचें नांव सांगितलें. आम्हां तिघांनाहि आनंद झाला.

आमच्या मागें एक वृद्ध बाई उभी होती. अंगावर जुनें लुगडें, हातांत प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेले कागद. बरोबर कोणी नव्हतें. तिनें अंगठा ठेवला. ओळख पटली नाहीं. कारकुनानें आणखी एकदां ठेवावयास सांगितलें, पुन्हां तेंच. त्यानें घड्याळाकडे पाहिलें आणि म्हटलें, “बाई, आज होत नाहीं. उद्यां या.” तो दुष्ट मनुष्य नव्हता. दाखला मागणेंहि अन्यायाचें नाहीं. मृताच्या नांवें वेतन उचललें जाऊं नये, म्हणून कोणीतरी विचारलेंच पाहिजे. परंतु आत्यासाठीं त्यानें पांच बोटांपर्यंत खटपट केली, याचें कारण ती आत्या आहे हें त्याला आधींच ठाऊक होतें. मीं बॅटरी टाकून दिली नाहीं, तीहि ती आंत आहे हें मला ठाऊक होतें म्हणूनच. ओळख पटविण्याची खटपट ज्याची ओळख आधींच आहे त्याच्यासाठींच होते. आणि जिला त्या खटपटीची खरी गरज, तिला ‘उद्यां या’ एवढेंच मिळतें.

मी तेथें बोलावयास हवें होतें. कांच पुसा, हात धुवावयास सांगा, अनामिका ठेवून पाहा, एवढींच तीन वाक्यें होतीं. परंतु रिक्षा बाहेर थांबली होती, आत्या दमली होती, आणि आमचें काम झालें होतें. आम्ही निघालों.

त्या रात्रीं मीं लॅपटॉप उघडला. कोपऱ्यांतील चित्र स्वच्छ होतें. बॅटरी पूर्ण भरलेली होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती कांहीं म्हणेल, अशी मी वाट पाहत होतों. बऱ्याच वेळानें ती म्हणाली,

“त्या मागच्या बाईचें काय झालें रे?”

तिच्या गांवाचें नांवहि मीं विचारलेलें नव्हतें.