आबांची एकतारी घेऊन मिरजेला

मिरज म्हटले की आमच्या बार्शी भागातल्या माणसाला आधी दवाखाना आठवतो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे 'आता मिरजेला न्या' या शब्दांचा अर्थच दुखणे हाताबाहेर गेले असा झाला होता. त्यामुळे फेब्रुवारीत आम्ही मिरजेला निघालो तेव्हा शेजारच्या वहिनींनी काळजीने विचारले, "कोण आजारी आहे हो?" आम्ही सांगितले, आबांची एकतारी.

चाळीतून नव्या इमारतीत सामान हलवताना टेम्पोत तिच्यावर शिलाई मशीन कलंडले. भोपळा खालून वर वीतभर तडकला. आईने ती पदराने पुसली, भिंतीला टेकवून ठेवली आणि एवढेच म्हणाली, "मिरजेला न्या."

आम्हांला तेच योग्य वाटले, कारण एकतारी मिरजेचीच आहे असे आम्ही जन्मापासून ऐकत होतो. आमचे वडील, ज्यांना सारे आबा म्हणत, बार्शी लाईटच्या गँगमध्ये कामाला होते. ही अरुंद गाडी मिरजेहून निघून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत लातूरपर्यंत जायची. आबा सांगत, त्याच गाडीने मिरजेला जाऊन एका नामांकित सतारमेकरकडून सात रुपयांत एकतारी आणली. वस्तीत कोणी पाहुणा आला की आम्ही पोरे अभिमानाने सांगायचो, "मिरजेची आहे!"

त्या एकतारीवर आबा आधी कबीर गात. आमच्याकडे कबिराची भजने जुनी. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार स्वतः कबीरपंथी होते, हे वाचकांना सांगायला नकोच. १९५६ च्या ऑक्टोबरात आबा नागपूरला जाऊन आले. आल्यावर देव्हारा उचलला, टाक आणि तसबिरी पाटीत भरल्या आणि सगळे भोगावतीला सोडायला निघाले. आजी म्हणाली, "मग ही पण टाक. हिच्यावरच भजने केलीस ना?" आबा उंबऱ्यात थांबले. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू सांगितले आहेत, तेव्हा कबिराची तार नदीत जाणार नाही, असे त्यांनी आजीला सांगितले. देव गेले, एकतारी राहिली. ६ डिसेंबरनंतर सहा महिने त्यांनी तिला हात लावला नाही. पुढे लावला तो वामनदादा कर्डकांची गाणी म्हणायला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत त्यांनी गावोगाव गाणी पोचवली. आबांना तर वाचताही येत नव्हते. वामनदादांचे गाणे ते एकदा ऐकून उचलत.

रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. आम्ही दोघे आणि मुलगी. एकतारी गोधडीत गुंडाळून खिडकीजवळ ठेवली. डब्यात झोप लागेना म्हणून मुलीने विषय काढला की घरात प्रत्येकाचे गाणे वेगळे का. मुलांच्या आईला रफी लागतो, तोही रात्री, रेडिओवर, हळू आवाजात. मुलगी कानात बोंडे घालून रॅप ऐकते. आम्हांला विचाराल तर विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे. उमप २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले आणि गेले, ती बातमी ऐकली तेव्हा आम्ही जेवणावरून उठलो होतो. मुलगी म्हणाली, "पण प्रल्हाद शिंदेंनी विठ्ठलाची गाणी पण किती गायलीत! ती तुम्ही बंद करत नाही." खरेच करत नाही. गाणे लागले की आवाज थोडा कमी करतो इतकेच. गळा तोच, भीमगीताला आणि कव्वालीलाही तोच. पोट त्या गळ्यावर होते. आबा मात्र कटाक्षाने उठून बाहेर जात. याबाबतीत आम्ही त्यांच्याइतके पक्के नाही, हे कबूल केले पाहिजे.

जयंतीच्या डीजेवरून मात्र आमचे तिघांचे एकमत झाले. छाती हादरते आणि शब्द एकही कळत नाही. ज्या गाण्यांनी निरक्षर माणसाला चवदार तळे समजावले, त्यांचे शब्दच ऐकू येऊ नयेत याला काय म्हणावे?

पहाटे मिरजेला उतरलो. स्टेशनजवळ चहा घेतला आणि रिक्षाने सतारमेकर गल्ली गाठली. गल्ली अरुंद, दुकाने लहान. दारातच पोत्यावर बसून कोणी दांडी तासतो आहे, कोणी हाडाची पट्टी घासतो आहे. आढ्याला भोपळे टांगलेले. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. मधूनच एखादी तार छेडली जाते आणि सगळी गल्ली क्षणभर तिच्याकडे कान लावते असे वाटते.

हा धंदा इथे कसा आला ते ऐकण्यासारखे आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांचे काम संपत आले. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन, त्यांच्याकडे गवई येत आणि त्यांची वाद्ये दुरुस्तीला निघत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार या हुन्नरी माणसाने त्यात हात घातला आणि पुढे नवी वाद्येच घडवायला सुरुवात केली. घराण्याचे आडनावही सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवार गेली तरी हातातली कला त्यांनी मरू दिली नाही. आमच्या माणसांना हातचे काम सोडावे लागले ते वेगळ्या कारणाने आणि ते सोडले हेच बरे झाले. तरीही त्या भुश्यात उभे राहून आम्हांला थोडा हेवा वाटला, तो लपवत नाही.

एका दुकानात वयस्कर चाचा बसले होते. त्यांनी गोधडी सोडली, एकतारी मांडीवर घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. भोपळ्यावर टिचकी मारली. दांडीवरून अंगठा फिरवला.

"कुठली म्हणालात?"

"मिरजेचीच. वडिलांनी इथून नेली होती."

चाचा हसले, पण आमची खोड काढल्यासारखे नाही. "साहेब, ही आमच्या गल्लीची नाही. दांडी बांबूची, आतून तापवलेल्या सळईने पोखरलीय. खुंटी बाभळीची, विळ्याने तासलेली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेकाठचा. आम्ही पण तिकडूनच आणतो, पण हा निवडून घेतलेला नाही, एका अंगाला बसका आहे. ही कोणीतरी घरी केलीय." मग त्यांनी तोंडावरच्या कातड्यावर बोट ठेवले. "हे मात्र बघा. बकऱ्याचे आहे. इतकी वर्षे झाली तरी कुठे सुरकुती नाही. ज्याने ताणले त्याला कातड्याची जाण होती."

आम्ही गप्प झालो. कातड्याची जाण आमच्या घरी कुठून आली, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितले, आमच्या वस्तीने पुढे ढोरे ओढणेही सोडले. पण हाताला एकदा आलेले ज्ञान हातात राहते. ते आबांनी एकतारीला लावले आणि लोकांना मात्र मिरजेचे नाव सांगितले. सात रुपयांची किंमतसुद्धा ठरवून ठेवली होती!

चाचा म्हणाले, दोन मार्ग आहेत. नवा भोपळा बसवला तर वाद्य देखणे होईल, आवाजही गोल येईल. जुनाच ठेवायचा तर आतून भोपळ्याच्याच कापा सरसाने चिकटवाव्या लागतील, बाहेरून शिवण दिसेल आणि आवाज थोडा बसका राहील. मुलीचे मत नवा घ्यावा, वाजवायचे वाद्य आहे, शोभेचे नव्हे. तिचे चुकत नव्हते. मुलांची आई म्हणाली, भोपळा बदलला, उद्या दांडी बदलली, मग आबांचे काय उरले? गल्लीत उभे राहून आम्ही अर्धा तास वाद घातला. चाचा तोवर शांतपणे दुसऱ्या एका तानपुऱ्याची जवारी लावत बसले होते. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तो केसभर इकडे-तिकडे झाला की नुसती टणटणणारी तार गुंजायला लागते. ते पाहता पाहता मुलगीच म्हणाली, "जुनाच ठेवा, चाचा. पण मला शिकवा, तार कशी चढवायची."

काम संध्याकाळपर्यंतचे होते. तेवढ्यात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबर इथेच. उत्तरेतल्या कैरानाचे खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवास करताना वाटेतल्या लहानशा स्टेशनवर त्यांचा अंत झाला आणि त्यांना इथे आणले. वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचाही हात चाले म्हणतात. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते आणि ऐकायला तिकीट लागत नाही. खरे सांगायचे तर शास्त्रीय गाणे आम्हांला कळत नाही. ते आपले नव्हे, असे कोणी न सांगताच आम्ही धरून चाललो. बाबासाहेब मात्र उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांचे ते व्हायोलिन पुण्याच्या सेनापती बापट मार्गावरील संग्रहालयात ठेवले आहे. मुलीने मोबाईलवर खाँसाहेबांची जुनी तबकडी लावली. खरखर फार, पण आवाज वर जाऊन थांबला तेव्हा फुलवाल्यानेही मान वर केली. दुसऱ्यांदा लावायला आम्हीच सांगितले.

संध्याकाळी एकतारी तयार होती. शिवण दिसत होती, जुन्या जखमेसारखी. चाचांनी पैसे भोपळ्याच्या कापांचे आणि तारेचे तेवढे घेतले. कातड्याला हात लावलेला नाही, असेही सांगितले.

घरी पोचल्यावर आईला कसे सांगावे याची आम्ही गाडीत तालीम केली होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला का ठाऊक नाही? लग्न होऊन वर्ष झाले होते. कातडे मीच रांजणात भिजत घातले होते, तीन दिवस. घरी केली म्हटली असती तर गावाने म्हटले असते, महाराने अजून एक कातडे ताणले. मिरजेची म्हटले की गप बसत."

मग तिने मुलीकडून एकतारी घेतली, कानाशी धरून तार छेडली आणि खुंटी जराशी मागे फिरवली. "फार चढवली बाई तुझ्या चाचांनी. आबा इतकी चढी लावत नव्हते."