बीकेसी ते ग्रँट रोड, व्हाया ८२,९००

शनिवारचं बीकेसी कधी पाहिलंय? आठवडाभर शेअर रिक्षासाठी धक्के मारणारी पब्लिक गायब, रस्ते मोकळे आणि जिओ वर्ल्ड ड्राइव्हमध्ये मात्र जत्रा. जत्रेतलं देऊळ म्हणजे ॲपलचं स्टोअर. एप्रिल २०२३ मध्ये टिम कुकनं स्वतः दार उघडलं होतं, तेच. १९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ आला, तेव्हा इथल्या रांगेत मामला धक्काबुक्कीपर्यंत गेला होता. मी शहाण्यासारखा (असं आपलं मला वाटतं) नोव्हेंबरपर्यंत थांबलो.

माझा आयफोन १३ चार वर्षांचा. बॅटरी हेल्थ ७६ टक्के. सकाळी डोंबिवलीत फुल, डबा उघडेपर्यंत लाल. त्यात सांगलीहून बाबांनी कधीच नंबर लावून ठेवलेला : ‘‘तू नवा घे, जुना मला दे.’’

आत शिरलं की वर हजार टाइल्सचं लाकडी छत. कॅश काउंटर शोधायचा नाही, टी-शर्टमधली पोरंच सगळं बघतात. एक जण तर चक्क मराठीत सुरू झाला. १७ हातात घेतला आणि खल्लास! स्क्रीन लोण्यासारखी सरकते. १२० हर्ट्झ, माझ्याकडे ६०. टाइप-सी, म्हणजे ऑफिसात कुणाचाही चार्जर ढापता येतो. २५६ जीबी. किंमत ८२,९००.

मग डोक्यात कॅल्क्युलेटर. २४ महिन्यांचा ईएमआय पकडला, तर मुद्दलाचेच महिन्याला साधारण साडेतीन हजार. ‘नो कॉस्ट’ म्हणतात त्यातही बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. तेही चाललं असतं. पण दिवाळीच्या आधी आमच्या टीममधल्या दोघांना एचआरनं केबिनमध्ये बोलावलं आणि सोमवारी त्यांच्या खुर्च्या रिकाम्या. मला पुढच्या अप्रेझलपलीकडचं दिसत नाही, चोवीस महिन्यांवर सही कशी करू?

‘‘जरा पुढे बघून येतो,’’ साड्यांच्या दुकानातलं आईचं वाक्य मी तिथे टाकलं आणि सटकलो.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो बीकेसीहून थेट ग्रँट रोडला जाते. बाहेर आलं की लॅमिंग्टन रोड जवळच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण मुंबईकराच्या तोंडी अजून ब्रिटिश गव्हर्नरच. ‘शोले’ पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा याच रस्त्यावर होतं. आता दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, सीसीटीव्ही, मदरबोर्ड, आणि फुटपाथवर चालायला जागा मिळेल तेवढी तुमची. लाकडी छत वगैरे भानगड नाही. एका चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावलेल्या काकांनी फोन उलटसुलट केला.

‘‘याला झालंय काय? बॅटरीच दमलीय ना?’’

खरं तर ॲपलच सांगतं, की १३ ची बॅटरी ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की ८० टक्क्यांच्या आसपास येणार. आयओएस २६ सुद्धा यावर मजेत चालतं. म्हणजे फोन ठणठणीत आणि मी मात्र ८२,९०० चं औषध शोधत फिरत होतो.

काकांनी आधीच बजावलं, ‘‘माल कंपनीचा नाही. सेटिंगमध्ये ‘अननोन पार्ट’ दाखवेल. आणि आता पाण्यात नेऊ नका, सील उघडतंय.’’ बावीसशे. मी बॅकअप तपासला आणि हो म्हटलं.

हीट गननं कडा सैल झाल्या, स्क्रीन पुस्तकासारखी उघडली. ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तसा मी चाळीस मिनिटं उभा. मधेच १७ ची ती स्क्रीन आठवत होती, नाही असं नाही.

संध्याकाळी ग्रँट रोडच्या प्लॅटफॉर्मवर फोन वाजला. बाबा.

‘‘काय रे, घेतलास?’’

‘‘नाही हो, बॅटरी बदलली. आता दोन वर्षं बघायला नको.’’

पलीकडे क्षणभर शांतता.

‘‘बरं. मग माझं काय?’’