गल्लीत न मावलेले घर

पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाने दुसऱ्या शनिवारची सुट्टी विसरावी, यासारखी नामुष्की नाही. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती माझ्या हातून घडली. शहापुरातल्या आमच्या घराच्या विक्रीखतावर सह्या करायला दादा आणि त्याचा धाकटा मुलगा शुक्रवारी रात्री पुण्याहून येऊन पोचले. शनिवारी सकाळी वकिलांचा फोन, "मास्तर, आज दुसरा शनिवार. त्यात अमावास्या. आता सोमवारीच या." मी फोन ठेवला आणि दादाकडे न बघता ही बातमी सांगितली. दोन दिवस मोकळे पडले, आणि ते दोघा भावांना एकाच छपराखाली काढायचे होते.

त्यात अवघड ते काय, असे वाचकांना वाटेल. घर विकावे असे दादा सहा वर्षे म्हणत होता आणि मी सहा वर्षे नको म्हणत होतो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. घर आजोबांनी बांधलेले. माडीच्या वाशांना वाळवी लागलेली. दर पावसाळ्यात सोप्यात तीन आणि माजघरात दोन भांडी गळतीखाली लावावी लागत. माझ्या दोन्ही मुली बंगळूरच्या झालेल्या. तरीही एकदा रागाच्या भरात मी फोनवर बोलून गेलो, "तुला काय, तू इथला पाहुणा!" त्यानंतर दोन वर्षे आम्ही बोललो ते वकिलांच्या मार्फत. शेवटी एका रात्री माडीचा कोपराच खाली आला, तेव्हा मी हो म्हणालो. होकार दिला, पण मनातली अढी गेली नाही.

कोंडी फोडली ती पुतण्याने. त्याने पिशवीतून कॅमेरा काढला आणि म्हणाला, "काका, बेळगाव दाखवा की. लहानपणी यायचो ते नुसता कुंदा खाऊन परत जायचो." समोरचे अण्णा रोजच्यासारखे आमच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांच्याकडे कन्नड पेपर येतो, आमच्याकडे मराठी, आणि चाळीस वर्षे दोन्ही पेपर दोन्ही घरांत वाचले गेले आहेत. तेही उठले. "चला की ओ, मीबी येतो."

रिक्षाने आम्ही किल्ल्यावर गेलो. बेळगावचा किल्ला भुईकोट, तेव्हा दम लागण्याची भीती नाही. पावसाची भुरभुर चालू होती आणि खंदक काठोकाठ हिरवा झाला होता. तलावाकाठी त्याच मार्चमध्ये उभारलेला ११० मीटरचा ध्वजस्तंभ. पुतण्याने बरीच पावले मागे जाऊन, गुडघे टेकून तो बुडख्यापासून टोकापर्यंत कॅमेऱ्यात बसवला. दाराशी गणपतीला आणि दुर्गेला नमस्कार करून आत शिरलो.

कमलबस्ती मी किती वर्षांनी पाहत होतो? हिशेब केला तर लाज वाटली. शाळेच्या सहली घेऊन विजापूर, बदामी केले, आणि घरापासून रिक्षाच्या अंतरावरचे हे देऊळ राहून गेले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेली ही जैन बस्ती. आत काळ्या दगडातला नेमिनाथ आणि मंडपाच्या छतात उलटे लोंबणारे दगडी कमळ. पुतण्या थेट फरशीवर उताणा पडला. बाहेरचा फलक अण्णा मराठी करून वाचू लागले. त्यांना मराठी शब्द सुचेना तिथे मी पुरवला आणि मला कन्नड अक्षर लागेना तिथे त्यांनी. दादा थोडा दूर, छत्री धरून उभा.

सफा मशीद बाहेरून पाहिली आणि रामकृष्ण आश्रमाकडे वळलो. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि मग किल्ल्यात हरिपद मित्र या वन अधिकाऱ्याकडे त्यांचा मुक्काम होता. मी पुतण्याला सांगितले, "अरे, तुझ्या धंद्यातली गोष्ट आहे. स्वामीजी फोटोला तयार नव्हते, मित्रबाबूंनी हट्ट धरला. बेळगावच्या एस. महादेव अँड सन या स्टुडिओने ते फोटो काढले. शिकागोला जायच्या आधीचे स्वामीजी आपल्याला दिसतात, ते त्या हट्टामुळेही."

दादाने छत्री मिटली. "आपल्या घराचा एक तरी फोटो आहे का रे?"

दोन वर्षांत तो माझ्याशी थेट बोललेला हा पहिला प्रश्न. मी घरातले सगळे अल्बम मनात चाळले. माझी मुंज, दादाचे लग्न, नव्या स्कूटरशेजारी वडील, पाळण्यात मुली. त्या सगळ्यांच्या मागे घर होते, पण तुकड्यातुकड्यांनी: कुठे चौकट, कुठे सोप्यातला खांब, कुठे तुळशीचा एक कोपरा. अख्खे घर कुठेच नव्हते. मी मान हलवली. "नाही."

संध्याकाळी दिव्याची अवस. बायकोने घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले. त्या घरातली ती शेवटची दिव्याची अवस, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. अण्णांची सून कडबू घेऊन आली. आमची दिव्याची अवस ती त्यांची भीमन अमावास्या. दादा कुणाला न विचारता माळ्यावर चढला आणि आजीची पितळी समई शोधून घेऊन आला. वाटणीच्या याद्या आम्ही दोघांनी पळीपंचपात्रापर्यंत केल्या होत्या, पण ती समई दोघांच्याही यादीत नव्हती. त्याने ती चिंचेने घासली, मी वाती वळल्या.

रविवारी श्रावण लागला. सकाळी टिळकवाडीत काँग्रेस विहीर पाहिली. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खणलेली ही विहीर. गांधीजी अध्यक्ष झाले असे काँग्रेसचे हे एकच अधिवेशन, आणि लहानग्या गंगूबाई हनगळांनी तिथे स्वागतगीत गायले. तिथून कपिलेश्वराला, मग रेल्वेपुलावरून रमतगमत शहापुराकडे. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते, पल्याडचे बेळगाव इंग्रजांचे. "आजोबा रोज परदेशात जाऊन यायचे," दादा म्हणाला. हा वडिलांचा ठरलेला विनोद. आम्ही दोघे एकदमच हसलो आणि एकदमच गप्प झालो.

चारच्या सुमाराला ऊन पडले. पुतण्याने घरासमोर कॅमेरा लावला. पण आमची गल्ली जेमतेम बारा फुटांची. तो अण्णांच्या भिंतीला पाठ घासून उभा राहिला तरी फक्त दार आणि कट्टा दिसे. आडवा धरला तर माडी जाई, उभा धरला तर दोन्ही बाजू कापल्या जात. कोपऱ्यावरून बघावे तर विजेचा खांब आडवा. "काल साडेतीनशे फुटांचा झेंड्याचा खांब मावला," दादा म्हणाला, "आणि आजोबांचे पंचवीस फुटांचे घर मावत नाही?"

तेवढ्यात समोरच्या माडीतून अण्णांची हाक आली, "म्याल बर्री!"

म्याल म्हणजे वर, बर्री म्हणजे या. आमच्या आजीला कन्नड कधी आले नाही. अण्णांची आई माडीवरून मुलांना 'म्याल, म्याल' म्हणून ओरडली की आजीला ते 'मेलं' ऐकू येई, आणि ती हातातले काम टाकून "कोण मेलं गं?" म्हणत धावत बाहेर येई. ही गोष्ट दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगून झाली आहे. मात्र खालच्या खोलीत हजारदा बसलेले आम्ही अण्णांच्या माडीवर कधी गेलो नव्हतो. ते त्यांचे देवघर आणि निजायच्या खोल्या. जायचे कारणच पडले नाही.

वर गेलो. अण्णांनी खिडकीची दोन्ही दारे उघडली. समोर आमचे घर होते. सगळे.

"एवढंसं होतं?" दादा म्हणाला.

आढे म्हाताऱ्या गाईच्या पाठीसारखे खचले होते. कौलांतून पिंपळाचे रोप हातभर वाढले होते. पडलेल्या कोपऱ्यावर मी पत्रा टाकून धोंडे ठेवले होते. खाली राहून मला फक्त गळती दिसे. सहा वर्षे दादा फोनवरून जे सांगत होता, ते मला इथून दिसले. घर उभे होते ते केवळ सवयीने.

आणि दादा कौले बघत होता. काळ्या पडलेल्या जुन्या कौलांत ठिकठिकाणी लाल ठिगळे होती.

"ही कधी घातलीस?"

"ती २००९ ला. पलीकडची २०१३ ला. कडेची गेल्या वर्षी."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो काही बोलला नाही, मीही नाही. अण्णाच म्हणाले, "मी रोज बघतोय न्हवं. पावसात मास्तर शिडी लावून चढले की आमची ही देवाला हात जोडायची." बायको आम्हांला शोधत कट्ट्यावर आली, डोळ्यांवर हात धरून वर पाहू लागली, आणि पुतण्याने बटण दाबले.

सोमवारी सह्या झाल्या. दादा पुण्याला गेला, आजीची समई मीच त्याच्या पिशवीत घातली. आम्ही टिळकवाडीत फ्लॅट घेतला. माघात नव्या मालकांनी घर उतरवले.

पुतण्याने त्या फोटोच्या दोन प्रती पाठवल्या, एक मला आणि एक अण्णांना. अण्णांची प्रत द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला पुन्हा माडीवर नेले. खिडकीबाहेर सिमेंटचे खांब उभे राहत होते. खिडकीच्या शेजारी त्यांनी आधीच खिळा ठोकून ठेवला होता.